वेडी कोण, हे ठरवतं कोण?

बी.ए.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘अपसामान्य वर्तन’ असा एक धडा असतो. अपसामान्य म्हणजे सामान्यापासून ढळलेलं. मग सामान्य म्हणजे काय? तिथे चार मापं दिलेली असतात. बहुतेक लोक करतात ते सामान्य, क्वचित आढळतं ते अपसामान्य. समाजाच्या रीतीला धरून असतं ते सामान्य, रीत मोडतं ते अपसामान्य. ज्यानं माणसाला स्वतःला त्रास होतो ते अपसामान्य. आणि ज्यामुळे रोजचं काम, नातीगोती, संसार जमेनासा होतो, म्हणजे ‘समायोजन’ बिघडतं, तेही अपसामान्य. मुली हे पाठ करतात, दहा मार्कांना लिहितात आणि घरी जातात. घरी शेजारच्या आळीत एखादीला ‘येडी हाय’ म्हणून सासरच्यांनी माहेरी आणून टाकलेलं असतं. तिचा आणि त्या धड्याचा काही संबंध आहे, असं कुणी शिकवत नाही. माझं म्हणणं, संबंध आहे आणि फार जवळचा आहे.

मी भोर आणि वेल्हे तालुक्यांत बायांच्या गटांबरोबर काम करते. (वेल्ह्याचं नाव राजगड करायचं २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं. बाया अजून ‘वेल्ह्याला जाऊन येते’ असंच म्हणतात, मीही तेच लिहिते.) हा डोंगराचा आणि धरणांचा मुलूख. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. पाणी खाली जातं, पुरुष मुंबई-पुण्याला जातात, आणि भातखाचरं, गुरं, म्हातारी माणसं, पोरं बायांच्या अंगावर राहतात. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द इथे सरकारी फलकावर दिसतो. लोकांचे आपले शब्द वेगळे: येडी, भ्रमिष्ट, डोक्यावर परिणाम झालेली, लागीर झालेली. हे शब्द बाईला जितके चटकन चिकटतात तितके पुरुषाला चिकटत नाहीत. दारू पिऊन रोज भांडी अंगणात फेकणारा ‘तापट’ असतो. त्यातलं एक भांडं तिनं उचलून उलटं फेकलं, की ‘हिला काय झालंय? दाखवाय पायजे कुठं तरी.’

पहिलं माप घ्या, बहुतेकांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या लग्न झालेल्या दर १०० बायांपैकी २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. आमच्या गटात दार लावून हाच प्रश्न विचारला तर हात याहून जास्त वर होतात. म्हणजे मार खाणं इतकं सर्रास, की संख्येच्या मापानं ते ‘सामान्या’पासून फार लांब नाही. मार खाऊन गप्प बसणं तर पूर्णच सामान्य. चौकीत जाणारी क्वचित, मग ती कोण? मानसशास्त्रवाले म्हणतील, हे माप कच्चं आहे हे आम्हीच सांगतो. सांगतात खरं, धड्यात तसं एक वाक्य असतं. पण गावकीत, कचेरीत, कोर्टात हेच कच्चं माप सर्वांत जास्त चालतं.

दुसरं माप रीतीचं. १८५१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं एक नवा आजार शोधला, ‘ड्रॅपेटोमेनिया’. लक्षण एकच: गुलाम मालकाकडून पळून जातो. त्याच्यावरचा उपाय म्हणून त्यानं चाबूकही सुचवला. आज हे वाचून आपण हसतो. पण नांदायला न जाणारी मुलगी चार वेळा माहेरी पळून आली, की पाचव्या वेळी तिला भगताकडे किंवा डॉक्टरकडे नेतात. का पळते, असं नेणारे विचारत नाहीत आणि तपासणारेही फारसं विचारत नाहीत. रात्री दातखीळ बसते, फिट येते. चिठ्ठीवर ‘हिस्टेरिया’ लिहून मिळतं आणि तोंडी सल्ला मिळतो, ‘लवकर मूल होऊ द्या, बरी होईल.’ अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथानं ‘हिस्टेरिया’ हे नाव १९८० मध्येच काढून टाकलं. आमच्याकडे ते अजून चिठ्ठीवर भेटतं.

हा डीएसएम म्हणजे आजारांची यादी. जगभरचे मानसोपचारवाले त्यातून नाव शोधतात. समलिंगी असणं १९७३ पर्यंत या यादीत आजार होतं. त्या वर्षी संघटनेच्या मंडळानं ते वगळलं, आणि १९७४ मध्ये सभासदांचं मतदान घेऊन तो निर्णय कायम झाला. हिवताप मतदानानं जात नाही. जे मतदानानं जातं ते आजार होतं की त्या काळच्या सभ्य लोकांचं मत होतं, हे वाचणाऱ्यांनीच सांगावं. त्याच ग्रंथाच्या १९८७ च्या आवृत्तीत परिशिष्टात आणखी एक नाव घातलं गेलं, ‘स्वतःचा पराभव करून घेणारं व्यक्तिमत्त्व’. दुसऱ्यांसाठी गरजेपेक्षा जास्त त्याग करते, आपल्याला दुखावणाऱ्यांमध्येच राहते, मदत नाकारते, अशी त्याची लक्षणं. आपल्या ओळखीची कुठली सून यात बसणार नाही? आधी जन्मभर त्याग शिकवायचा, आणि शिकली की तिच्या व्यक्तिमत्त्वात दोष दाखवायचा! पॉला कॅप्लन आणि इतर स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञांनी याविरुद्ध रान उठवलं. मारहाण सोसणाऱ्या बाईवर हा शिक्का बसला की कोर्टात मारणारा सुटेल, असं त्या सांगत होत्या. १९९४ च्या आवृत्तीतून ते नाव गेलं. बायांनी आरडाओरडा केला नसता तर ते आज आपल्या तालुक्याच्या कोर्टातही आलं असतं.

याच्याही आधी, १९७० मध्ये, इंगा ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचार करणाऱ्यांना एक साधा प्रश्न दिला. काहींना विचारलं, निरोगी पुरुष कसा असतो. काहींना, निरोगी बाई कशी असते. आणि काहींना नुसतं, निरोगी प्रौढ माणूस कसा असतो. निरोगी माणसाचं आणि निरोगी पुरुषाचं वर्णन जुळलं. निरोगी बाई मात्र जास्त ऐकून घेणारी, कमी स्वतंत्र, लहानसहान गोष्टींनी हलणारी, हळवी निघाली. तपासणाऱ्यांत बायाही होत्या आणि त्यांचीही उत्तरं तशीच होती. आता बाईनं करायचं काय? निरोगी बाई व्हावं तर ती निरोगी माणूस होत नाही, आणि निरोगी माणूस व्हावं तर ‘ही कसली बाई’ असं होतं.

हे सगळं परदेशातलं, असं कुणी म्हणेल. मग पुण्याचं बघू. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा लग्नानंतर चार महिन्यांत सायनाईडनं गेली. सत्र न्यायालयानं आणि उच्च न्यायालयानं नवऱ्याला दोषी धरलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. खुनाला पुरावा पुरेसा होता की नव्हता, हा कायद्याचा प्रश्न, त्यात मी शिरत नाही. मला टोचतं ते वेगळंच. तिनं बहिणीला, मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयानं वाचली आणि त्यांतून तिच्या मनाचा अंदाज बांधला: मुलगी हळवी, भावनाप्रधान, निराश, तेव्हा आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही. सासरी एकटी पडलेली मुलगी आपल्या माणसांना दुःख कळवते, आणि ते दुःख तिच्या घराबद्दलचा पुरावा होण्याऐवजी तिच्या स्वभावाबद्दलचा पुरावा होतं. त्या वेळी पुण्यातल्या बाया ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन घेऊन उभ्या राहिल्या. नावातच उत्तर होतं. ती जर कमकुवत मनाची, तर आम्ही सगळ्याच.

आता चौथं माप, समायोजन. हा शब्द मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो फार शहाण्यासारखा दिसतो. सुनेचं सासरी समायोजन होत नाही. सासरचं सुनेशी समायोजन होत नाही, हे वाक्य कधी कुठल्या अहवालात वाचलंय? एकानं वाकायचं ठरलेलंच असतं, फक्त कितपत वाकली याची तपासणी बाकी असते.

कायद्यात याला मोठी जागा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात १९७६ च्या दुरुस्तीनं घटस्फोटाचं कारण म्हणून ‘मानसिक विकार’ आला. त्याच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचं नाव आहेच, शिवाय ‘मनाचा इतर कोणताही विकार’ अशीही जागा आहे. आमच्या भागातल्या एका बाईचं सांगते. नवरा मुंबईला, तिथे दुसरं बिऱ्हाड. तिला कळलं तेव्हा तिनं जत्रेत, चार गावच्या माणसांसमोर, त्याची गचांडी धरली आणि ओरडून सगळं सांगितलं. नंतर तीन दिवस जेवली नाही, निजली नाही, स्वयंपाकाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दीर तिला गाडीत घालून पुण्याला एका दवाखान्यात घेऊन गेला. पंधरा मिनिटांत चिठ्ठी तयार. डॉक्टरांनी दिराला विचारलं, तिला विचारलं नाही. वर्षभरानं कोर्टाची नोटीस आली, तिला तीच चिठ्ठी जोडलेली. आरडाओरडा करते, जेवण करत नाही, घरच्यांवर संशय घेते. संशय! दुसरं बिऱ्हाड खरं होतं, दोन पोरांसकट.

अशा ठिकाणी आपल्याला दोन गोष्टी माहीत हव्यात. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या १९८८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की नुसतं स्किझोफ्रेनियाचं नाव दाखवून घटस्फोट मिळत नाही. आजार किती आणि त्यामुळे एकत्र राहणं खरोखर अशक्य झालंय का, हे सिद्ध करावं लागतं. दुसरं, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०५. कोर्टात कुणी मानसिक आजाराचा पुरावा आणला आणि दुसऱ्या बाजूनं त्याला आव्हान दिलं, तर कोर्टानं ते प्रकरण मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासायला पाठवायचं असतं. आमच्या बाईच्या वकिलांना हे कलम आम्हीच दाखवलं. त्यांनी तसा अर्ज दिला, आणि पुढच्या तारखेला नवऱ्याच्या बाजूनं चिठ्ठीचा विषयच काढला नाही.

आता जरा आपल्या बाजूच्यांशी भांडते. चळवळीत अधूनमधून असं बोललं जातं, की वेड वगैरे काही नसतंच, ते सगळं पुरुषसत्तेनं चिकटवलेलं नाव आहे, वेडी म्हणजे बंडखोर. शिबिरात ऐकायला बरं वाटतं. मी बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी पोराला विहिरीत टाकायला निघालेली बाई पाहिलेली आहे. ते पोर आपलं नाहीच, कुणीतरी बदललंय, असं तिला आवाज सांगत होते. ती बंड करत नव्हती, तिला मरणाची भीती वाटत होती. आधी देवऋष्याकडे दोन आठवडे गेले, मग पुण्याला नेलं, औषधं झाली, तीन महिन्यांत ती लावणीला उभी राहिली. तिला कुणी ‘तू बंडखोर आहेस’ म्हणून औषधाविना ठेवलं असतं तर ते पोर आज नसतं. आजार असतो. तो ओळखायला शिकलेली माणसं लागतात, आणि ती डोंगराजवळ लागतात. एसटीनं पुण्याला एक दिवस मोडून, मजुरी बुडवून जायचं, आणि पुढच्या महिन्यात परत जायचं, हे किती जणी करतील? २०२२ पासून १४४१६ या नंबरावर सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं, नंबर लिहून ठेवा. फक्त आमच्या काही वाड्यांत रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते, आणि जिला नीज नाही, जेवण नाही, तिनं टेकडी चढायची.

म्हणून तिसरं माप, स्वतःला होणाऱ्या त्रासाचं, मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं. निदान ते बाईलाच विचारतं. पण तिचे शब्द ऐकायला हवेत. आमच्याकडे बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ती म्हणते, जिवाला गोडी नाही, हातपाय गळतात, काळीज धडधडतं, डोक्यात मुंग्या येतात, अंगावरून पांढरं जातं. यातलं शेवटचं तर उपकेंद्रात रोजचं. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायांचा अभ्यास केला. त्यात दिसलं, की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि घरातल्या ताणाशी जास्त आहे. आणि आपण काय करतो? गोळ्यांची पाकिटं देतो. संपली की पुन्हा देतो. बाई तिच्या भाषेत मनाचंच सांगत होती, ऐकणाऱ्यानं कमरेखालचं ऐकलं.

अंगात येण्याबद्दलही लिहायला हवं, कारण भोरचा रस्ता धरून मांढरदेवीला जाणारे लोक दर पौषात आम्ही पाहतो, आणि आमच्या गटातल्या दोघींच्या अंगात काळूबाई येते. विवेकवादी मित्र म्हणतात, ढोंग नाहीतर आजार. मला दोन्ही पटत नाही. वर्षभर जिचं घरात कुणी ऐकत नाही, तिचं त्या दिवशी सासरा हात जोडून ऐकतो. हे ती जाणूनबुजून करते असं नाही, पण त्या तासाभरात तिला जे मिळतं ते खरं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतही, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, संचार हा आजार तेव्हाच मानलाय जेव्हा तो नकोसा असतो आणि त्या समाजाच्या मान्य धार्मिक रीतीचा भाग नसतो. मात्र मांत्रिकानं बाईला ‘भूत काढतो’ म्हणून साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, इथे माझा विवेकवाद्यांशी काहीच वाद नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला, त्यानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा गुन्हा आहे. तक्रार करायला घाबरू नका. साखळी देवाच्या दारात असली तरी ती साखळीच. तमिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये बांधून ठेवलेली २८ माणसं आगीत जळून मेली.

पण साखळीचा मक्ता मांत्रिकांकडेच नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यात नातेवाईकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्यावर, बाईची संमती नसताना, तिला ९० दिवसांपर्यंत मनोरुग्णालयात ठेवता येत असे. पुण्यातल्या भार्गवी दावर यांनी हे घरातच पाहिलं. त्यांच्या आईला वेड्यांच्या इस्पितळांत डांबलं होतं. १९९९ मध्ये त्यांनी आईच्या नावानं बापू ट्रस्ट काढला, आणि भारतीय बायांच्या मानसिक आरोग्यावर स्त्रीवादी बाजूनं पुस्तक लिहिलं. २०२४ मध्ये त्या गेल्या. सक्तीच्या उपचारांना त्यांचा विरोध फार टोकाचा आहे असं मला वाटायचं, अजूनही थोडं वाटतं. त्या विहिरीवरच्या बाईला त्या दिवशी कुणीतरी धरलंच पाहिजे होतं. पण धरणाऱ्याच्या हातात उद्या काय काय अधिकार जातात, हा त्यांचा प्रश्न आम्हाला कुणीच विचारला नव्हता. आपल्याच जिल्ह्यात फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससूनमध्ये काढली गेली, त्यांची पाळी सांभाळणं अवघड जातं म्हणून. संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. त्यांना समजत नाही हे एकदा ठरलं, की त्यांचं काय करायचं हे बाकीचे ठरवतात.

मानसशास्त्रात सगळे एका माळेचे नाहीत, हेही नोंदवते. मारी याहोदा या ऑस्ट्रियातल्या ज्यू कार्यकर्तीनं १९३० च्या सुमारास मारिएनथाल गावात काम केलं. गिरणी बंद पडून सगळं गाव बेकार झालं होतं. लोक संथ चालायला लागले, वाचनालयात जाईनात. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी ‘गावाला नैराश्य जडलंय’ म्हणून गोळ्या सुचवल्या नाहीत, काम गेल्यानं माणसाचं काय होतं हे लिहिलं. पुढे ती तुरुंगात गेली, देशाबाहेर गेली, आणि १९५८ मध्ये तिनं मांडलं, की आजार नसणं म्हणजे मानसिक आरोग्य नव्हे आणि बहुतेकांसारखं असणं म्हणजेही नव्हे. माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं, स्वतः ठरवता येतं का, वस्तुस्थिती दिसते का, हे तिनं मोजायला सांगितलं. हे माप घेऊन पानशेतच्या पाण्याखाली ज्यांची खाचरं गेली त्या म्हाताऱ्यांकडे कुणी जाईल का? आमच्या जत्रेतल्या बाईला तिनं वेडी म्हटलं नसतं. वस्तुस्थिती तिला सगळ्यांत आधी दिसली होती.

२०१७ च्या कायद्यानं यातलं थोडं ऐकलंय. कलम ३ म्हणतं, समाजाच्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक मूल्यांना कुणी जुमानत नाही एवढ्यावरून मानसिक आजार ठरवायचा नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरूनही नाही. हे कलम मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही गटाच्या खोलीत लावलंय. आता संमतीविना भरती करायची तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस. पण अर्ज कोण करतं? तिचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’. बाईनं आधी कुणाचं नाव लिहून ठेवलं नसेल तर तो मान नातेवाईकाकडे जातो, आणि कायद्यात नातेवाईक म्हणजे रक्ताचा, लग्नाचा किंवा दत्तकाचा. म्हणजे नवरा. जत्रेतल्या बाईच्या बाबतीत तोच.

कलम १४ प्रमाणे अठरा वर्षांवरची कुठलीही बाई हा प्रतिनिधी स्वतः निवडू शकते, मैत्रीण चालते, गटातली बाई चालते, आणि मन बदललं तर नाव बदलता येतं. जिचं नाव लिहू ती सज्ञान हवी, तिला झेपायला हवं, आणि वेळ आली की तिनं लेखी होकार द्यायचा. स्टॅम्पपेपर लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहायचं, खाली सही किंवा अंगठा. आम्ही पावसाळ्याआधी भोरच्या दोन आणि वेल्ह्याच्या तीन गटांत हे कागद लिहायला बसलो होतो. भाताची लावणी आली, काही जणींचे राहिले. दिवाळीनंतर राहिलेले लिहू. तुमच्या गटात बसणार असाल तर नमुना मासिकाच्या पत्त्यावर मागवा, झेरॉक्स पाठवते.